परांची

डॉक्टर तांबोळींनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली
आणि म्हणाल्या, मेंदू गुळगुळीत आहे.
मी मान हलवली.
बावीस वर्षं गिलावा करतोय,
गुळगुळीत म्हटलं की मान आपोआप हलते,
शाबासकी घेतल्यासारखी.
बालेवाडीच्या साइटवर साहेब टॉर्च भिंतीला आडवी लावतात,
लाट दिसली की पैसे कापतात.
माझ्या भिंतीवरून उजेड नुसता घसरत जातो.

भाग्यश्रीचं कोपर लागलं तेव्हा कळलं,
इथं लाट हवी होती.
वळ्या हव्या होत्या, घड्या,
लहान डबीत मोठा रुमाल कोंबल्यावर पडतात तशा.

दुर्वा मांडीवर होती. दोन वर्षांची.
मान अजून माझ्या हातातच.

मॅडमनी कागद ओढला, पेन्सिलीनं उभ्या रेघा मारल्या.
पेशी जन्मतात तळाशी, म्हणाल्या,
आणि ह्या रेघा धरून वर चढतात,
आईच्या पोटात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात.
आधी निघालेली खालच्या मजल्यावर थांबते,
मागून आलेली तिला ओलांडून वर जाते.
मी म्हटलं, परांची.
काय?
बांबूची परांची, मॅडम. आम्ही चढतो ती.
त्या हसल्या नाहीत.
रेघांच्या खाली लिहिलं, परांची.

मग चुकलं कुठं?
परांची उभी आहे, चढणारेही आहेत,
पण पुढचा बांबू धरला की मागचा सोडायचा,
हे ज्याच्या जिवावर चालतं तो एक जनुक,
गुणसूत्रांच्या सतराव्या जोडीवर,
त्यात एक अक्षर चुकलंय.
म्हणून पुष्कळ जणी अर्ध्यात लटकल्या.

एक अक्षर.
मुकादमाच्या वहीत सात वर्षं माझं नाव
शिवलिंगच्या जागी शिवलंग आहे.
पगार तेवढाच मिळतो.

भाग्यश्री इतका वेळ गप्प होती.
मग तिनं विचारलं, कुणाकडून आलं?
माझी आई औशाहून दर अमावास्येला फोन करते
आणि ग्रहणाचं काढते,
त्या दिवशी हिनं विळीवर भेंडी चिरली म्हणून.
तुमच्यात नाही, मॅडम म्हणाल्या, ह्यांच्यातही नाही.
दोघांचं रक्त बघितलंय. हे नव्यानंच घडलं.
भेंडी? भाग्यश्रीनं विचारलं.
भेंडीनं नाही.
तिनं ओढणी तोंडावर घेतली
आणि रास्ता पेठेतल्या त्या खोलीत
दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.
मी दुर्वाला घेऊन बाटली भरायला बाहेर गेलो.
नळाला रांग होती. बरं झालं.

दुसऱ्या दिवशी चौदावा मजला.
उन्हात पाषाणची टेकडी बसलेल्या म्हशीसारखी.
चढताना एक हात सुटलेला असतो
आणि दुसऱ्या बांबूला पोचलेला नसतो,
एवढासा वेळ. डोळ्याची पापणीसुद्धा मोठी त्याच्यापेक्षा.
बावीस वर्षांत कधी ध्यान गेलं नव्हतं.
त्या दिवशी मी तिथंच राहिलो.
खालून मुकादम ओरडला,
ए शिवलंग, अडकलास काय?

आमच्या सुतारवाडीच्या खोलीला आतून गिलावा नाही.
गवंड्याचं घर, दुसरं काय होणार.
यंदा करायचा ठरवला होता,
सिमेंटचं अर्धं पोतं आणून ठेवलं,
वाळू चाळली.
रात्री झटक्यांचं औषध पाजून
दुर्वाला खांद्यावर घेऊन उभा होतो,
तिचा हात भिंतीला लागला.
उघडे ब्लॉक, सुटलेला माल, खडे.
ती थांबली. सगळी थांबली, श्वाससुद्धा.
मग बोटं पुन्हा तिथंच गेली, आपली आपण,
आणि घशातून एक आवाज आला,
जो मी आधी ऐकला नव्हता.
भाग्यश्रीला हाक मारली. ती पीठ लागल्या हातानं आली.
तोवर बोटं तिसऱ्या खड्यावर होती.

वाळू शेजारच्या देवकातेला देऊन टाकली.
सिमेंट पलंगाखाली आहे.
पावसाळ्यापर्यंत त्याचा दगड होईल.